गोगलगाय अन् पोटात पाय

पदवीच्या पहिल्या वर्षाला म्हणी आणि वाक्प्रचार शिकवण्याचे काम आमच्या विभागात गेली कित्येक वर्षे माझ्याच गळ्यात पडलेले आहे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आली की मी ठरलेल्या आवाजात ठरलेला अर्थ सांगतो. वरून गरीब, आतून कावेबाज; दिसायला साधा, पण कारवाया आतल्या आत. मुले वहीत उतरवून घेतात, एखादा शेजाऱ्याकडे बघून डोळा मिचकावतो आणि आम्ही पुढच्या म्हणीकडे वळतो. यंदा मात्र शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पण गोगलगायीला खरंच पोटात पाय असतात का?”

वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि खरे सांगायचे तर मलाही तो कधी पडला नव्हता. “पुढच्या तासाला सांगतो,” हे मास्तरांचे ब्रह्मास्त्र मी सोडले आणि घंटा होताच स्टाफरूम गाठली.

आमचे प्राणिशास्त्राचे अण्णा तेथे खिडकीजवळ चहा घेत बसले होते. येत्या मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे आहेत. उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच छंद केले. एक, चहा बशीत ओतून पिणे. आणि दुसरा, तळी-डबकी धुंडाळून गोगलगायी गोळा करणे. पहिल्याबद्दल त्यांची कोणी थट्टा करीत नाही.

“मास्तर, त्या मुलीला माझ्याकडे पाठवा,” माझी अडचण ऐकून ते म्हणाले. “पोटात पाय कसले, पोट हाच पाय! गोगलगाय ज्याच्यावर सरपटते ना, तो तिच्या पोटाखालचा मांसल तळवा. ग्रीक भाषेतल्या पोट आणि पाय या दोन शब्दांवरून त्या सबंध वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात. आपल्या पुस्तकात ‘उदरपाद’. तुमची म्हण रचणारी कोणी आजीबाई आणि युरोपातले पंडित, दोघांनी एकमेकांना न भेटता एकच नाव ठेवलं!”

मी खूश झालो. पुढच्या तासाची सोय झाली होती. पण अण्णांनी बशी खाली ठेवली. “पोटात नुसते पायच असते तर माझी पस्तीस वर्षं वाचली असती. चला, काय असतं ते दाखवतो.”

त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या कठड्यावर काचेच्या लहान लहान नळ्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक नळीत दोन बोटे पाणी आणि एकेक गोगलगाय. आपल्या बागेतली गलेलठ्ठ गोगलगाय नव्हे. तळ्यातली, चपट्या जिलबीसारख्या वेटोळ्याची, तपकिरी. इंडोप्लॅनॉर्बिस हे तिचे शास्त्रीय नाव. आपल्या गावाकडच्या तळ्यात, कालव्यात, भाताच्या खाचरात ती मुबलक सापडते. सकाळचे ऊन नळ्यांवर आले होते. अण्णांनी एका नळीतला थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मला म्हणाले, “बघा.”

भाषेच्या माणसाला भाषेबाहेरचे काही दिसतच नाही म्हणतात ते खरे असावे. मला तेथे स्वल्पविराम दिसले. शेकडो स्वल्पविराम! आणि ते जिवंत होते. शेपटीचे झटके मारीत, एकमेकांना ढकलीत पळत होते. शेपटी पुन्हा टोकाला दुभंगलेली.

“सर्कारिया,” अण्णा म्हणाले. “किड्याची पोरं. सकाळच्या उजेडात गोगलगाय ही अशी हजारोंनी पाण्यात सोडते. तिची स्वतःची नव्हेत हो, पोसलेली. ही गुरांच्या अंगातल्या किड्यांची. यांच्यातल्या एका जातीचा किडा गाईबैलांच्या नाकातल्या शिरांत मुक्काम ठोकतो, जनावराचा श्वास घरघरतो. ‘घोरण्याचा रोग’ म्हणतात त्याला. भातलावणी करणाऱ्यांच्या पोटऱ्यांना खाज सुटते, तिच्यातही पुष्कळदा हीच मंडळी असतात. माणसाच्या कातड्यात घुसतात, तिथे मरतात आणि खाज ठेवून जातात.”

मी नकळत पाय जवळ घेतले.

त्या दिवसापासून मी अण्णांचा विद्यार्थी झालो. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे फराळाचे ताट असताना मी किड्यांची कथा सांगायला बसलो आहे, हा दोष माझा. पण कथा अशी आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय तिची सुरुवात आपल्याच देशात झाली.

९ सप्टेंबर १८७४. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका चिनी तरुणाचे शवविच्छेदन चालले होते. वय वीस, धंदा सुतारकीचा. कलकत्त्यात चिनी वस्ती तोवर जुनी झालेली होती. त्यातले कँटनकडचे लोक सुतारकामात नावाजलेले. या पोराला रुग्णालयात आणले तेव्हा तो शेवटच्या घटका मोजीत होता. तेथले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकॉनेल यांनी त्याचे यकृत उघडले, तेव्हा पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये पानासारखे चपटे किडे खच्चून भरलेले आढळले. मॅकॉनेल यांनी ते निरखले, मोजले, त्यांची चित्रे काढली आणि १८७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही हकिकत छापली. त्याच वर्षी कॉबोल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने किड्याचे बारसे केले आणि नावात ‘चिनी’ हे विशेषण घातले. आज त्याला क्लोनॉर्किस सायनेन्सिस म्हणतात; आपण चिनी यकृतकृमी म्हणू. किड्याला नाव, गाव सगळे मिळाले. तो पोरगा मात्र शास्त्राच्या इतिहासात ‘एक चिनी सुतार’ एवढाच राहिला. सुताराची हत्यारे, अर्धवट राहिलेले एखादे कपाट, घरी पाठवायचे पैसे, यांतले काहीही त्या लेखाबरोबर आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

किडा सापडला. पण तो तेथे गेला कुठून? माणसाचे यकृत म्हणजे काही उघडी धर्मशाळा नव्हे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मेंढ्यांनी दिले. १८७९-८० च्या ओल्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये यकृतात किडे होऊन तीस लाखांच्या आसपास मेंढ्या मेल्या. मेंढीवर ज्यांची चूल पेटते ते हवालदिल झाले आणि ऑक्सफर्डच्या अल्जर्नन थॉमस नावाच्या पंचविशीतल्या तरुणाकडे हे कोडे सोपवण्यात आले. त्याच वेळी जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉयकार्ट हे वयोवृद्ध पंडित त्याच कोड्याशी झगडत होते. १८८३ पर्यंत दोघेही स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी येऊन पोचले. ओलसर कुरणातली एक चिमुकली गोगलगाय! मेंढीच्या लेंडीतून किड्याचे अंडे बाहेर पडते, त्यातले पोर गोगलगायीच्या अंगात शिरते, तेथे एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि ते गवत मेंढी खाते. थॉमसला लगेच न्यूझीलंडला प्राध्यापकी मिळाली आणि तो निघून गेला. हे अण्णांनी मला जरा हेव्याने सांगितले.

आता माणसाच्या किड्यालाही गोगलगाय लागत असणार, हा तर्क सरळ होता. पण माणूस काही कुरणात चरत नाही. येथे गाडी अडली ती चांगली पंचवीस-तीस वर्षे. पुढची वाट जपानात सापडली. कारण तेथेही पुष्कळ लोकांच्या यकृतात हाच किडा होता. १९१०-११ च्या सुमारास कोबायाशी हारुजिरो यांनी गोड्या पाण्यातल्या माशांचे मांस तपासले, तेव्हा त्यात किड्याची पोरे कोशात गुंडाळून झोपलेली दिसली. तसले मासे प्राण्यांना खाऊ घातले, तर त्यांच्या पित्तनलिकांत पूर्ण वाढलेले किडे तयार! म्हणजे किडा माशातून येतो. मग माशात कोठून येतो? ती गोगलगाय मुतो या संशोधकाला १९१८ मध्ये सापडली. सुताराच्या शवविच्छेदनापासून मोजले तर चव्वेचाळीस वर्षे झाली. या चव्वेचाळीस वर्षांत किती जणांनी किती शिंपले फोडले, किती मासे चिरले आणि वहीत ‘काही नाही’ असे लिहून दिवा मालवला, त्याची कल्पना मला अण्णांच्या वह्या पाहून आली. त्यांच्या पानापानावर ‘काही नाही’ आहे.

आता या पाहुण्याचा सबंध प्रवास एकदा सांगून टाकतो. शास्त्रीय मराठीत किडा ज्याच्या अंगात राहतो त्याला ‘यजमान’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द मोठा मार्मिक आहे. आपल्याकडे दिवाळीला पाहुणे येतात ते फार तर भाऊबिजेपर्यंत. हा पाहुणा माणसाच्या पित्तनलिकेत वीस-पंचवीस वर्षे राहू शकतो. लांबी एक ते अडीच सेंटिमीटर, जाडी जवळजवळ नाहीच. नर-मादी दोन्ही एकातच. रोज हजारो अंडी तो पित्ताबरोबर आतड्यात सोडून देतो. ती अंडी यथाकाल शरीराबाहेर पडतात आणि जेथे परसाकडची व्यवस्था तळ्याच्या काठीच आहे तेथे पाण्यात जातात. पाण्यात ती आपोआप फुटत नाहीत. विशिष्ट जातीच्या गोगलगायीने ती खावी लागतात. दुसऱ्या जातीची गोगलगाय चालत नाही. खानदान पाहून सोयरीक करणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींपेक्षाही हा किडा कडक. त्या गोगलगायीच्या पोटात एका अंड्याची पुष्कळ पिल्ले होतात, रूपे बदलतात, आणि शेवटी ते शेपटीवाले स्वल्पविराम पाण्यात पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर खेळ खलास. मासा मिळाला की त्याच्या कातडीतून आत शिरायचे, शेपटी टाकायची आणि मांसात कोश करून पडून राहायचे. मासा रोहू-कटल्याच्या कुळातला असला म्हणजे उत्तम. आणि मग कोणीतरी तो मासा कच्चा खाण्याची वाट पाहायची. माणूस, कुत्रा, मांजर, डुक्कर, कोणीही चालते. पोटात कोश फुटतो, पोर पित्तनलिकेच्या तोंडातून वर चढते आणि महिन्याभरात अंडी घालू लागते.

या सबंध साखळीत नाजूक कडी कोणती? मला वाटले, मासा. अण्णांनी मान हलवली. “गोगलगाय. माणूस जगभर हिंडतो, गोगलगाय घर सोडत नाही.”

याचा एक पुरावा चीनमध्ये मिळाला आहे आणि तो ऐकून हसावे की नाक मुरडावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुनहुआंगजवळच्या वाळवंटात, रेशीममार्गावर शुआनचुआनझी नावाचे एक दोन हजार वर्षांपूर्वीचे सरकारी ठाणे होते. तेथे निरोपे आणि अंमलदार घोडे बदलीत, मुक्काम करीत. त्या ठाण्याच्या शौचकूपात एका टोकाला कापड गुंडाळलेल्या काठ्या सापडल्या, शुचिर्भूत होण्याच्या! केंब्रिजच्या आणि चिनी संशोधकांनी त्या कापडाला चिकटलेले तपासले आणि २०१६ मध्ये जाहीर केले की त्यात चिनी यकृतकृमीची अंडी आहेत. आता त्या वाळवंटात ना तळे, ना ती गोगलगाय, ना तो मासा. किड्याचा जवळात जवळचा मुलूख तेथून दीड हजार किलोमीटरांवर. म्हणजे कोणीतरी यकृतात किडा घेऊन एवढी वाटचाल केली होती. अंडी पडली आणि तेथेच वाळली. कलकत्त्याच्या सुताराचीही तीच कथा. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघांनी पोटात एकच ओझे वाहिले आणि दोघांच्याही वाटेत त्या किड्याला उतरायला घर मिळाले नाही.

हे कळायला हवे होते त्यांना कळले नाही, असेही झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड म्हणून बेट आहे. १९१० पासून १९४० पर्यंत चिनी माणसाला अमेरिकेत शिरण्यापूर्वी तेथल्या ठाण्यात अडकून पडावे लागे. तेथे येणाऱ्यांची शौचतपासणी होई आणि ज्याच्यात या यकृतकृमीची अंडी दिसली त्याला संसर्गजन्य रोगी म्हणून परत पाठवण्यात येई. घर विकून, कर्ज काढून निघालेली माणसे! वास्तविक ती गोगलगाय अमेरिकेत नव्हती, त्यामुळे त्या माणसांपासून शेजाऱ्याला या किड्याची बाधा होणे शक्यच नव्हते. मुतोचा शोध १९१८ चा. शोध छापला गेला म्हणजे तो पहारेकऱ्याच्या टेबलापर्यंत पोचतोच असे नाही.

एवढे होईपर्यंत ही माझ्या दृष्टीने परक्यांची कथा होती. श्रावणात ती आमच्या घरात आली.

माझा पुतण्या बँकॉकला नोकरीला आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो, तोंडे दिसणारा. त्या रविवारी त्याने मोठ्या फुशारकीने सांगितले की, तो थायलंडच्या ईशान्येला, खोन केनजवळ, ऑफिसातल्या मित्राच्या गावी जाऊन आला; तेथे भातशेती आपल्यासारखीच; माणसे अगत्याची; आणि त्यांनी त्याला ‘कोई प्ला’ खाऊ घातले. “म्हणजे काय रे?” सौ.ने विचारले. “तळ्यातला लहान मासा काकू, बारीक चिरायचा, त्यात लिंबू, मिरची, पाला. मस्त लागतं.” “आणि शिजवायचा कधी?” “शिजवायचा नाहीच!”

सौ.चे माहेर गुहागरकडचे. मासा तिला वर्ज्य नाही, पूज्य आहे. पण कच्चा मासा म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र स्वल्पविराम नाचू लागले. फोन ठेवला आणि मी अण्णांना घरी बोलावले.

अण्णा आले, चहा बशीत ओतला आणि गंभीर झाले. थायलंड-लाओसकडे असतो तो या चिनी किड्याचा सख्खा चुलतभाऊ, ऑपिस्थॉर्किस. गोगलगाय थोडी निराळी, मासे त्याच कुळातले, मुक्काम तोच. एखाददुसरा किडा पोटात गेला तर माणसाला कळतही नाही. पण वर्षानुवर्षे पित्तनलिकेला ओरखडे बसत राहिले, सूज येत राहिली, की पुढे काहींना तेथे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या किड्याला आणि २००९ मध्ये चिनी किड्यालाही तंबाखूच्या पंगतीला नेऊन बसवले आहे: माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणारे. ईशान्य थायलंडमध्ये पित्तनलिकेचा कर्करोग जगात सर्वांत जास्त. खोन केनच्या विद्यापीठात नारोंग खुन्तिकेओ नावाचे शल्यविशारद आहेत. त्यांचे आई आणि वडील दोघेही याच रोगाने गेले. पुढे तेच गृहस्थ गावोगाव फिरून, यंत्र लावून लोकांची यकृते तपासू लागले आणि कच्चा मासा सोडा म्हणून हात जोडू लागले.

“मग लोक सोडत का नाहीत?” सौ.ने विचारले.

“वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं की उद्यापासून सोलकढी बंद, तर?”

सौ. गप्प बसली. मीही. वडीलधारी मंडळी तेथे म्हणतात की आम्ही जन्मभर खाल्ले, आम्हाला काय झाले? लिंबाने किडा मरतो, मिरचीने मरतो, दारूने मरतो, असे नाना समज आहेत. यांतल्या कशानेही तो मरत नाही. मरतो तो चुलीवर. औषधही आहे. १९७० च्या दशकात जर्मनीत निघालेले प्राझिक्वान्टेल. गोळ्या घेतल्या की किडे मरतात. पण गोळीची एक वेगळीच खोड आहे. गोळी आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्तपणे पुन्हा कच्चा मासा खातो, पुन्हा किडे, पुन्हा गोळी. हे कळल्यावर खोन केनजवळच्या लावा नावाच्या तळ्याकाठी बान्चोब श्रीपा या प्राध्यापकांनी निराळा मार्ग धरला. नुसती गोळी नाही. शाळेतल्या मुलांना, आरोग्यसेविकांना, मासे धरणाऱ्यांना हाताशी धरले, किडा माशात कसा बसलेला असतो ते त्यांना समजावून दिले, आणि तळ्यातल्या गोगलगायी नि मासे वरचेवर तपासत राहिले. त्या भोवतालच्या दहा गावांत सरासरी शंभरातल्या साठ लोकांच्या पोटात किडा होता. काही वर्षांत ते प्रमाण दहाच्या खाली आले. आजीने ऐकले नाही ते तिने नातवाच्या तोंडून ऐकले असावे, असा माझा तर्क आहे.

“म्हणजे आता आपल्या पोरानं काय करायचं?” सौ. मूळ मुद्द्यावर आली.

“आत्ता काही नाही. महिना जाऊ द्या. किडा असला तरी महिन्याच्या आत अंडी घालत नाही. आधी तपासलं तर ‘निर्दोष’ म्हणून कागद मिळेल आणि तो फुकटचा. महिन्यानं तपासून घे म्हणावं. आणि घाबरू नका. एका जेवणानं कोणी मरत नाही.”

तो महिना आमच्या घरात लांबला. पुण्याहून वहिनींचे रोज दोन फोन. एक सकाळी, एक दिवे लागल्यावर. पोरगा तिकडून हसत होता, पण मधेच एकदा तो मला एकट्याला म्हणाला, “काका, त्या मित्राचे वडील यकृताच्या दुखण्यानं गेले. बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या फोटोखाली बसूनच आम्ही ते खाल्लं.” मला काही बोलायला सुचले नाही.

याच दिवसांत सौ.ने अण्णांना एकदा सहज विचारले, “आपल्याकडे नाही ना हो हे असलं काही?” तिला ‘नाही’ हे उत्तर हवे होते. अण्णांनी तिच्याच माहेरचे नाव काढले.

“हा किडा नाही. पण याच गणगोतातला दुसरा एक होता, वहिनी. तुमच्या गुहागर तालुक्यातच. गिमवी.”

“आमची गिमवी?”

१९५२ मध्ये मुंबईच्या गाडगीळ आणि शाह या दोघा डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना लघवीतून रक्त पडण्याचा जो विकार आहे तो एका रक्तकृमीमुळे आहे. आफ्रिकेत, इजिप्तमध्ये तो किडा घरोघर. आपल्या देशात कोणी त्याची अपेक्षाच केली नव्हती. या किड्याला मासा लागत नाही. गोगलगायीतून निघालेली पोरे पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातड्यातूनच आत शिरतात. मग दोघांनी गोगलगायीचा शोध आरंभला. आफ्रिकेत ज्या जातीच्या गोगलगायी त्याला पोसतात त्या येथे नव्हत्या. शेवटी त्यांची बोटे एका अगदी क्षुल्लक प्राण्यावर थांबली. फेरिसिया टेनुइस, दगडाला, पानाला चिकटलेली, टोपीच्या आकाराची, नखावर मावेल एवढी. पाण्याला गेलेल्या बाईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लहानपणी आम्ही अशाच पऱ्ह्यात तासन्‌तास डुंबायचो.” आणि उठून आत गेली.

अण्णा त्या दिवशी आमच्याकडेच जेवले. सौ.ने सुरमईचे कालवण केले होते, रस्सा रटरटत होता. “वहिनी, समुद्रातला मासा आणि तोही असा उकळलेला,” अण्णा म्हणाले, “यात ब्रह्मदेवाचा किडा जगायचा नाही.” तरीसुद्धा तिने कालवण आणखी दहा मिनिटे चुलीवर ठेवले आणि मासा पार मोडून गेला. आम्ही दोघे मुकाट्याने जेवलो.

भाद्रपद संपता संपता पुतण्याचा फोन आला. तपासणीत अंडी नव्हती. खात्रीसाठी आठ दिवसांनी पुन्हा तपासले, तेव्हाही नव्हती. वहिनींनी पुण्यात पेढे वाटले. कशाचे म्हणून शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा काय सांगितले ते त्यांनाच ठाऊक. पोराने आपल्या त्या मित्रालाही आग्रहाने तपासणीला नेले होते. त्याची अंडी निघाली. त्याला वजन करून गोळ्या दिल्या. दिवसभर जरा गरगरले म्हणे, बाकी काही नाही. आता त्याने आईला तपासणीला आणायचे ठरवले आहे. ती अजून “बघू” म्हणते.

त्या मुलीची गोष्ट राहिलीच. पुढच्या तासाला मी तिला पोट आणि पायाचे व्याकरण सांगितले आणि वर म्हणालो, “बाकीचं अण्णांकडे जाऊन बघ.” वाटले, हसून सोडून देईल. मराठी विषय घेतलेली मुलगी ती! पण ती गेली. अण्णांनी तिला नळ्या दाखवल्या, सूक्ष्मदर्शक दाखवला आणि शेवटी कपाट उघडून चिठ्ठ्या लावलेल्या शंखांचे खोके आणि त्या वह्याही दाखवल्या. मे महिन्यानंतर त्यांचे काय करायचे हा प्रश्न अण्णा सध्या भेटेल त्याला विचारीत असतात. जागेची टंचाई सगळीकडेच आहे.

“काय म्हणाली?” मी विचारले.

“काही म्हणाली नाही. तीन पानं वाचली आणि म्हणाली, सर, इथे सतराव्या नळीपुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. बघितलं तर खरंच, राहून गेलं होतं. २००९ सालची नोंद.” अण्णांनी बशी तोंडाला लावली, पण प्याले नाहीत. “मग ती नळ्यांपाशी जी बसली ती दोन तास. तिचा एक तास बुडाला माझ्यामुळे. कोणाचा होता कोण जाणे, तुम्ही जरा त्यांना सांगा.”

मी सांगतो म्हणालो. तास माझाच होता.